खालून आलेलं उत्तर

सोमवार, २ मार्च

डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलंय. कोणाला दाखवायचं नाही, खाडाखोड करायची नाही, शुद्धलेखनाकडे बघायचं नाही. म्हणजे शाळेत ज्या ज्या गोष्टींसाठी मार खाल्ला त्या सगळ्या आता औषध म्हणून करायच्या. वही कंपनीने दिली. प्रत्येक पानाखाली ‘सुरक्षितता आपल्या हाती’ असं छापलंय. आमच्या कंपनीला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी ही वही बघावी.

तर. मी लिफ्टचा मेकॅनिक. बावीस वर्षं. आमच्या धंद्यात माणसं जोडीने काम करतात. एक वर मशीनच्या खोलीत, दुसरा तळाशी खड्ड्यात. वरच्याने बटण दाबलं की खालच्याच्या डोक्यावर लिफ्ट येते. म्हणून नियम साधा आहे. दोर जातात त्या भोकाशी वाकून वरच्याने ओरडायचं, ‘सोडू का?’ खालच्याने अंग काढून घ्यायचं आणि ओरडायचं, ‘सोड.’ ते ऐकू आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. खड्ड्यात एक लाल बटणही असतं, ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. फेब्रुवारीत आम्ही काम करत होतो त्या सात मजली इमारतीतलं ते बटण तीन महिने बिघडलेलं होतं, आणि साहेबांच्या वहीत त्याच्यापुढे ‘लवकरच’ असा शेरा होता.

माझा जोडीदार मास्तर. शिक्षक व्हायला निघाला होता, वाटेत बाप वारला, पाना हातात आला. चुका काढायची सवय मात्र सुटली नाही. ऑफिसातल्या नोटिशी तो लाल पेन्सिलीने तपासायचा. एकदा साहेबांच्या नोटिशीला दहापैकी चार दिले होते. नऊ वर्षं आम्ही जोडीने.

११ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमाराला मी वरून विचारलं. खालून ‘सोड’ आलं. मी सोडली. तो खड्ड्यातच होता.

हे मी साहेबांना, पोलिसांना, हिला आणि डॉक्टरीणबाईंना सांगून झालंय. वहीला पहिल्यांदाच. त्याने ‘सोड’ म्हटलं. स्पष्ट म्हटलं.

गुरुवार, ५ मार्च

साहेब घरी आले. सोबत फळं. आमच्याकडे फळं आणणारा साहेब म्हणजे काहीतरी पिकलेलं असणार हे उघड होतं.

चौकशी १० एप्रिलला. सरकारी अधिकारी येणार. साहेब म्हणाले, “काळजीचं कारण नाही. मी तिथेच दारात उभा होतो ना. मी स्वतः ऐकलंय. मास्तरचाच आवाज. आपण दोघांनी ऐकलं.”

“हो,” मी म्हणालो.

“बिचाऱ्याचंच लक्ष नव्हतं. अंग न काढताच म्हणाला असणार सोड. माणूस आहे, चुकतो.”

साहेब खोटं बोलत नाहीत, हे इथे लिहून ठेवतो. बटणाच्या बाबतीत बोलतात, पण याबाबतीत नाही. त्या दिवशी रहिवाशांचा तिसरा फोन आला म्हणून ते माझ्या पाठीशी उभं राहून ‘आटपा, आटपा’ करत होते, आणि त्यांनी खरंच ऐकलं.

त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. नंतरचं आठवत नाही. ही म्हणते, मी दारात वीस मिनिटं उभा होतो. फळं मात्र संपली होती, ती पोरीने खाल्ली.

शनिवार, ७ मार्च

आज दाढी करताना हात माझा वाटेना. म्हणजे हात दाढी करत होता, व्यवस्थित करत होता, मी कुठेतरी गिझरच्या वर बसून ते बघत होतो. बघताना वाटलं, या माणसाचे कान बरेच मोठे आहेत. कापलं तेव्हा रक्त आलं ते पण त्याचंच.

डॉक्टरीणबाई म्हणतात, असं होतं. न सोसणारं काही झालं की मन बाजूला होऊन उभं राहतं. मला तर यात मनाचा शहाणपणाच दिसतो. मास्तरला तसं बाजूला होता आलं असतं तर.

वाक्य अर्धं राहू द्या. खाडाखोड करायची नाहीये.

मंगळवार, १० मार्च

दुपारी ही भांडी घासता घासता थांबली. पाठमोरीच म्हणाली, “अहो, एक सांगू? रागावू नका.”

“सांग.”

“काल संध्याकाळी तुम्ही मास्तरभावजींच्या आवाजात बोललात.”

“काय बोललो?”

“‘वॉशर गेलाय. नळ पिळून पिळून थांबत नाही, एवढं कळत नाही का?’ पोरगी रडायला लागली.”

मी नळ बघितला. वॉशर गेला होता. एवढा जोडीदार मेला, आणि मेल्यावरही देखभालीच्याच कामावर. सुट्टी नाही ती नाहीच.

मला त्यातलं काही आठवत नाही. नकला हा माझा जुना जोडधंदा आहे. साहेब, सासूबाई, बातम्या देणारी बाई, कोणालाही विचारा. पण नक्कल करताना माणूस हजर लागतो. मी काल संध्याकाळी हजर नव्हतो.

तासाभरात सासूबाई हजर. आमच्या घरातली बातमी त्यांच्याकडे नळाच्या पाण्याआधी पोचते. “जावईबापू, हे डॉक्टरचं काम नाही. त्याला काही सांगायचंय. तुम्ही जवळचे, म्हणून तुम्हाला धरलंय.” आणि भूतबाधा बघणाऱ्या एका बाईला घेऊनच आल्या होत्या. ती जिन्यात थांबली होती, बोलावण्याची वाट बघत.

मला वाटलं होतं केस मोकळे, डोळे लाल. निघाली नाकावर चष्मा, हातात भाजीची पिशवी, आणि घड्याळाकडे लक्ष. वाडग्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं, आणि विचारलं: झोप लागते का? दचकता का? जेवणाची चव गेलीय का? एखादा तास हरवल्यासारखा वाटतो का? डॉक्टरीणबाईंचा प्रश्नांचा अख्खा कागद पाठ होता तिला. फक्त शून्य ते दहा असे आकडे नव्हते.

शेवटी म्हणाली, “तुम्ही बाजूला व्हा. त्याला बोलू दे.” डॉक्टरीणबाई म्हणतात, बाजूला होऊ नका. दोन्ही तज्ज्ञ एकाच रोगावर उलट औषध देतायत, मधे मी.

दर बुधवारी मास्तरच्या घरच्या माणसाने माझ्यासमोर बसायचं असं ठरलं. मी काही विचारायचं नाही, आणि माझ्या तोंडून मास्तर काय बोलला ते मला कोणी सांगायचं नाही. सांगितलं तर तो कायमचा अडकतो म्हणे. ही आणि सासूबाई, दोघींनी मान डोलावली. या दोघींचं एकमत व्हायला अठरा वर्षं आणि एक भूत लागलं.

बुधवार, ११ मार्च

वहिनी आल्या. मास्तरची बायको. चष्म्याच्या दुकानात काम करतात, बुधवारी दुकान बंद असतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलायच्या आणि विचारायचं: हे स्पष्ट, की आधीचं? अशी बाई घाईत नसते.

त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा एकमेकांसमोर. त्यांच्याशी काय बोलावं कळेना मला. म्हणालो, “वहिनी, त्याने सोड म्हटलं हो.”

“हो ना,” त्या म्हणाल्या. “सगळे सांगतात.”

मग म्हणाल्या, “मुलगी विचारते. बाबांनी स्वतःच लिफ्टला ये म्हटलं का? सहा वर्षांची आहे. काय सांगू, भावजी?”

हिने चहा आणला. कप समोर ठेवला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे बघितलं तर कप रिकामा, वहिनी चपला घालतायत, साडेचार.

सोमवार, १६ मार्च

कामावर जायचं नाही म्हणून घरच्या जिन्यात जास्त वेळ जातो. आमच्याही इमारतीला लिफ्ट आहे. मी जिन्याने जातो. चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टचा मेकॅनिक धापा टाकत चढतोय हे बघून लोकांचा लिफ्टवरचा विश्वास उडायला हवा होता. उलट सगळे मला आदराने वाट देतायत. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क आजपर्यंत माझ्याशी फक्त तक्रार करायला बोलले. आज म्हणाले, “तब्येतीला जपा. तुमची आता सगळ्यांना गरज आहे.”

कशाची गरज ते बोलले नाहीत.

बुधवार, १८ मार्च

वहिनी आल्या, तीन वाजता. गेल्या, पावणेपाचला. मधलं पान कोरं.

हिला सांगायचं राहतंय: बुधवारचा चहा बिनसाखरेचा असतो. दोनदा झालं. बाकीचे दिवस ठीक असतो. साखर बंद होती मास्तरला, मला नाही.

सोमवार, २३ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे. शून्य ते दहा. भीती किती? सहा म्हटलं. अपराधी किती वाटतं? शून्य म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा शून्य म्हटलं. त्याने उत्तर दिलं, मी सोडली, यात अपराध कुठे येतो?

मग त्या म्हणाल्या, मास्तरबद्दल काहीतरी चांगलं सांगा. हसण्यासारखं.

मी हजेरीची गंमत सांगितली. मास्तरचा घसा धुळीने बसायचा. सात मजले ओरडून ओरडून वैतागायचा. मग एक दिवस म्हणाला, “माझी हजेरी तूच लावत जा रे. मी आटपतो, तुला माहीत असतं ना किती वेळ लागतो.” कॉलेजात मित्र एकमेकांची हजेरी लावतात तसं. तेव्हापासून साहेब पाठीशी असले की मी भोकाशी वाकायचो, माझ्या आवाजात विचारायचो ‘सोडू का?’ आणि तोंड भोकात घालून त्याच्या आवाजात ‘सोड.’ तेवढीच साहेबांची खात्री. साहेबांना कधी कळलं नाही. मास्तर संध्याकाळी विचारायचा, “आज किती वेळा हजर होतो मी?” काय हसायचो आम्ही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लिहायचं थांबल्या. चष्मा काढून माझ्याकडे बघत बसल्या. शिकलेल्या माणसांना विनोद उशिरा कळतात.

“आणि त्या दिवशी?” त्यांनी विचारलं.

“त्या दिवशी त्याने स्वतः म्हटलं,” मी सांगितलं. “अगदी जवळून आला आवाज.”

“सात मजल्यांवरून?”

त्यानंतर बहुतेक वेळ संपला. मी बसच्या थांब्यावर होतो आणि माझ्या हातात माझाच डावा बूट होता.

बुधवार, २५ मार्च

आज गुपित थोडंसं फुटलं. वहिनींच्या आधी हेडक्लार्क येऊन बसले होते. सोबत तळमजल्यावरची शिंपीणबाई. ही गोरीमोरी झाली. म्हणाली, “काही नाही, सहज आलेत.”

सहज! हेडक्लार्कांच्या कपाटाची किल्ली हरवलीय आणि शिंपीणबाईंना जावयाच्या बदलीचं विचारायचंय. मास्तरला. जिवंतपणी ज्याला यांनी पाण्याचा ग्लास विचारला नव्हता तो आता चौकशीची खिडकी झालाय, आणि खिडकीचं लाकूड मी.

वहिनींनी त्यांना उठवलं. आवाज न चढवता. “आज माझा नंबर आहे,” म्हणाल्या. “तुम्ही दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला विचारा.”

तीन पाच. चार पन्नास.

जाताना त्यांचे डोळे कोरडे होते. पहिल्या बुधवारी रडल्या नव्हत्या, दुसऱ्या बुधवारीही नाही. हे आज लक्षात आलं. आमची ही मात्र आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन बसली होती.

गुरुवार, २ एप्रिल

काल बुधवार झाला. काल काहीतरी झालं.

शुद्धीवर आलो म्हणायचं का? आलो तेव्हा चहा पूर्ण भरलेला, त्यावर साय. सासूबाई भिंतीला टेकून जमिनीवर. ही दारात. वहिनी खुर्चीत ताठ, हात मांडीवर. मला म्हणाल्या, “दमलात, भावजी. पडा जरा.” आणि निघून गेल्या.

तेव्हापासून घरात कोणी माझ्याकडे सरळ बघत नाही. पोरीला मावशीकडे पाठवलंय. आज सकाळी हिने विचारलं, “चौकशीत काय सांगणार आहात?”

“झालं तेच.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे त्याने सोड म्हटलं. अठरा वेळा सांगितलंय.”

“मग तेच सांगा. एकोणिसावं काही सांगू नका.” आणि पोळपाट इतक्या जोरात ठेवला की कप फुटला. तुकडे मी गोळा केले. तिने मला ते करू दिलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. एरवी ‘सरका, तुम्हाला लागेल’ म्हणते.

रविवार, ५ एप्रिल

सासूबाई पुन्हा बघणाऱ्या बाईला घेऊन आल्या. यावेळी मास्तरला घालवून द्यायला. शुक्रवारच्या आत.

मी पाणी प्यायला उठलो होतो. स्वयंपाकघरातलं बोलणं भिंतीतून ऐकू येतं, यात माझा काय दोष?

बघणारी बाई म्हणत होती, “पण त्याचं बोलून झालं नाही अजून.”

“झालं तेवढं पुरे,” सासूबाई. “मेलेल्यांचं काय खरं मानायचं? खोटं बोलतात ते. जाताना दुसऱ्याला ओढतात.”

“हेडक्लार्क मागाहून विचारून गेले, त्या किल्लीचं खरं निघालं होतं.”

“किल्ली वेगळी.”

“आई, हळू,” ही म्हणाली.

किल्ली वेगळी. महिनाभर मास्तर आमच्याकडे सत्याचा पुतळा होता. आता एका बुधवारात लबाड झाला. काय बोलला असेल? मला सांगायचं नाही असं ठरलंय, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच एखादा नियम इतका कडक पाळला जातोय.

नंतर त्यांनी मला मधे बसवून मीठ ओवाळलं. बघणारी बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “मी काही करत नाहीये. नुसते हात फिरवतेय. यांचं समाधान होऊ दे.” भाजीची पिशवी उचलली आणि गेली. या सगळ्यात एकटीच तेवढी धंद्याला प्रामाणिक.

बुधवार, ८ एप्रिल

वहिनी आल्या तर हिने दार उघडलं नाही. “ते झोपलेत,” म्हणाली, दाराआडून. मी तिच्या मागे उभा होतो, पूर्ण कपड्यात.

मी जिन्याने खाली गेलो. वहिनी तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशी उभ्या. वर जाऊन आल्या त्या लिफ्टनेच. मला तिथे उभं राहवेना. आम्ही बाहेर पडलो, चालत चालत त्यांच्या दुकानापर्यंत गेलो. बंद होतं. त्यांच्याकडे किल्ली असते. आत बसलो, समोर तो अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक बारीक होत गेलेली.

मी विचारलं, “त्या बुधवारी तो काय बोलला?”

“कोण?”

“मास्तर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, नंबर किती असेल याचा अंदाज घेत.

“भावजी, तुमचा मास्तर फार मोठ्याने बोलतो. सात मजले ऐकू जाईल असा. घरी ते इतकं हळू बोलायचे की मला प्रत्येक वेळी ‘काय?’ विचारावं लागायचं. नऊ वर्षं तुम्ही त्यांना वरून ऐकलंत. मी उशीवर ऐकलंय. तुम्हाला तो आवाज माहीतच नाही, तो तुम्हाला काढता कसा येईल?”

मी तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ वाचत राहिलो.

“पहिल्या बुधवारीच कळलं मला. दोन वाक्यांत. हे भावजी बोलतायत.”

“मग येत का राहिलात?”

“शुद्धीत होतात तेव्हा तुम्ही खोटं बोलत होतात. मग ज्याच्याकडून खरं निघेल त्याला विचारायचं, दुसरं काय करणार? लोकांना भूत हवं होतं. मी म्हटलं, असू दे भूत. भुतासमोर सगळे गप्प बसतात, मधे मधे करत नाहीत.” त्या एका काचेवरची धूळ पुसत होत्या. “पहिल्या दिवशी नळांचं बोललात. दुसऱ्या दिवशी धुळीचं, घशाचं. तिसऱ्या दिवशी हजेरीचं. मी दर वेळी तेच विचारत होते. आता सांगा, आधी सांगितलं ते बरोबर की आत्ताचं?”

“आणि गेल्या बुधवारी?”

“गेल्या बुधवारी म्हणालात, ‘मी कुठे म्हटलं सोड? मी अजून नट शोधत होतो.’”

दुकानात पंखा नव्हता. तरी समोरचा तक्ता हलत होता. मी वर जायला लागलो, त्या गिझरवरच्या जागी. वहिनींनी टेबलावर बोट आपटलं. “नाही. इथेच बसा. यावेळी नाही जायचं.”

आणि मग मला ते दिसलं. लिहितो. मी भोकाशी वाकलेलो. साहेब मागे, ‘आटपा.’ मी विचारलं, ‘सोडू का?’ खालून काही आलं नाही. मी घड्याळ बघितलं. नेहमी एवढ्या वेळात त्याचं होतं. मी तोंड भोकात घातलं. ओठांना लोखंडाची, ग्रीसची चव लागली. तो आवाज जवळून आला कारण तो माझ्या तोंडातून आला.

वहिनींना मी माफ करा म्हटलं नाही. शब्द तोंडाशी आला होता, तो फार हलका वाटला. त्याच म्हणाल्या, “मला तुमच्याकडून आज काही नको. परवा बोला. तुमच्या आवाजात. त्यांच्या आवाजात बोललात तर अधिकारी म्हणतील, वेडा झालाय, आणि कागदावर माझ्याच नवऱ्याची चूक राहील. मुलीला मी काय ते कागदावरून दाखवणार आहे.”

गुरुवार, ९ एप्रिल

हिला सांगितलं. तिला माहीतच होतं. म्हणाली, “माझ्या मनात आलं होतं, तुम्हाला कधी कळूच नये.” नंतर म्हणाली, “नोकरी जाईल. कदाचित आणखी काही होईल. पोरीचं बघा.” मग माझा शर्ट इस्त्री करायला घेतला. कॉलर तीनदा केली.

शुक्रवार, १० एप्रिल

खोली लांबट. टेबलामागे अधिकारी, पन्नाशीतले, सर्दी झालेले. बाजूला टाईप करणारा कारकून. भिंतीशी वहिनी. साहेबांची साक्ष आधी झाली. प्रामाणिकपणे म्हणाले, “मी मास्तरचा आवाज नऊ वर्षं ओळखतो. त्यानेच उत्तर दिलं.”

मग मी. अधिकाऱ्यांनी विचारलं, “उत्तर कोणी दिलं?”

आता खरं लिहितो. तिथे मास्तर माझ्या घशात आला. भूत नव्हे, सवय. त्याच्या आवाजात सगळं सांगून टाकणं किती सोपं होतं. मी छतावर बसलो असतो, खाली कोणीतरी बोललं असतं, आणि संध्याकाळी मला काही आठवलं नसतं. मी टेबलाची कड धरली. कडेला एक खिळा वर आला होता. तो बोटाला टोचला. माझ्याच बोटाला.

“मी दिलं,” म्हणालो.

“मोठ्याने बोला.”

“खालून काही आलं नव्हतं. त्याच्या आवाजात मीच म्हटलं. आधीही म्हणायचो. त्यालाही माहीत होतं. पण त्या दिवशी त्याला विचारलं नव्हतं.”

साहेब उठले. “सर, यांच्यावर उपचार चालू आहेत. यांना बाधा झालीय म्हणून अख्खी इमारत सांगेल. हे काय बोलतात यांना कळत नाही. मी तो आवाज ओळखतो हो.”

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. “काढून दाखवता?”

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, हो नाही, नाहीही नाही. साहेबांना अधिकाऱ्यांनी दाराकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, म्हणजे त्या दिवसासारखंच माझं तोंड त्यांना दिसणार नाही. मी टेबलाखाली वाकलो, लाकडाच्या पोकळीत तोंड नेलं. आयुष्यात इतक्या नकला केल्या, कधी घाम फुटला नव्हता.

“सोड.”

साहेब वळलेच नाहीत. पाठमोरेच राहिले. मग त्यांचा एक हात दाराच्या चौकटीवर गेला आणि ते हळूहळू खाली बसले, खुर्ची नसलेल्या जागी. कारकुनाने पाणी आणलं. सगळ्या खोलीत एकट्या वहिनींना तो आवाज मास्तरचा वाटला नसेल. बाकी सगळ्यांना तो साहेबांकडे बघून पटला.

अधिकारी म्हणाले, “लाल बटणाचंही बघू.” साहेब जमिनीवरूनच हो म्हणाले.

मग कारकून माझं म्हणणं टाईप करायला बसला. त्याने वाचून दाखवलं: ‘मयत इसमाच्या वतीने मी उत्तर दिले.’

“असं नको,” मी म्हणालो.

कारकून वैतागला. “मग कसं? दिलं म्हणालात ना उत्तर?”

“उत्तर आलंच नव्हतं, असं लिहा. आधी ते लिहा. माझं त्याच्याखाली.”

त्याने अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. कागद काढला, नवा घातला, आणि त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा टाईप करायला घेतलं. वहिनी उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, आणि एकेक अक्षर उमटताना बघत राहिल्या.